आयओ_यूरिंगवर सॉकेट सर्व्हर: वेग घेताना कुंपण कुठे घालायचं

लिनक्सवर हजारो सॉकेट एकाच वेळी सांभाळायला ईपोल (कोणत्या सॉकेटवर काम आलं ते सांगणारी कर्नलची जुनी सोय) वर्षानुवर्षं पुरत आला आहे. आयओ_यूरिंगकडे वळण्याचं मुख्य कारण म्हणजे सिस्टम कॉलचा, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे काम मागण्याचा, खर्च. मे २०१९ मध्ये कर्नल ५.१ सोबत आलेली, येन्स अ‍ॅक्सबो यांनी लिहिलेली ही यंत्रणा कर्नल आणि प्रोग्राम यांच्यात दोन रिंगा सामाईक मेमरीत ठेवते. एका रिंगेत प्रोग्राम ६४ बाइटच्या नोंदी करून कामं सांगतो, दुसऱ्या रिंगेत कर्नल १६ बाइटच्या नोंदी करून निकाल कळवतो. एका 'एंटर' कॉलमध्ये शंभर 'रिसीव्ह' सांगता येतात. एसक्यूपोल हा पर्याय लावला तर तोही कॉल लागत नाही, कर्नलचा थ्रेड स्वतःच रिंग तपासत राहतो.

अडचण इथेच सुरू होते. लिनक्समधली सुरक्षेची बरीच साधनं सिस्टम कॉलच्या उंबरठ्यावर पहारा देतात, आणि या यंत्रणेने काम त्या उंबरठ्यावरून उचलून सामाईक मेमरीत नेलं आहे. त्यामुळे पहारा कुठे उरतो आणि कुठे उरत नाही, हे माहीत करून घेतल्याशिवाय सर्व्हर लाइव्ह करू नये. पुढचं सगळं कर्नल ६.६ किंवा त्यानंतरची दीर्घकालीन आवृत्ती गृहीत धरून आहे. त्याहून जुन्या कर्नलवर अनोळखी लोकांचा कोड चालत असेल तर आयओ_यूरिंग वापरूच नका.

आधी ठरवा: खरंच लागतं का

सर्व्हरचा वेळ टीएलएसमध्ये, डेटाबेसच्या वाटेवर किंवा जेसन उलगडण्यात जात असेल तर रिंगेने फारसा फरक पडणार नाही. पर्फ (वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन) लावून बघा. सिस्टम कॉलमध्ये शिरण्या-निघण्यात सीपीयूचा ठळक वाटा जात असेल तरच पुढे जा. प्रॉक्सी, कॅश, लोड बॅलन्सर अशा छोट्या पॅकेटांच्या आणि भरपूर कनेक्शनच्या कामात तो जातो. नेहमीच्या वेब अ‍ॅपमध्ये क्वचितच.

धोका काल्पनिक नाही. गूगलने कर्नल फोडून दाखवणाऱ्यांसाठी बक्षीस योजना चालवली आणि जून २०२३ मध्ये तिचा हिशेब मांडला. आलेल्या ४२ एक्स्प्लॉइटांपैकी ६० टक्क्यांनी आयओ_यूरिंगमधली भोकं वापरली होती. एकट्या या भागासाठी दिलेली बक्षिसं सुमारे दहा लाख डॉलरांच्या घरात गेली. याच धोक्यामुळे क्रोमओएसमध्ये ही यंत्रणा बंद झाली, अँड्रॉइडवर अ‍ॅपना ती मिळेनाशी झाली आणि गूगलच्या स्वतःच्या सर्व्हरांवरही बंद झाली. डॉकरनेही २५.० पासून आपल्या मूळ सेककॉम्प यादीतून (कंटेनरला कोणते सिस्टम कॉल चालतील ती यादी) आयओ_यूरिंगचे तिन्ही कॉल काढून टाकले.

म्हणून सुरुवात बंद ठेवून करा. कर्नल ६.६ पासून 'कर्नल.आयओ_यूरिंग_डिसेबल्ड' ही सिसकंट्रोल (चालू मशीनवर बदलता येणारी कर्नलची) सेटिंग मिळते. तिची किंमत ० असेल तर सगळ्यांना मुभा. २ असेल तर नवी रिंग कोणालाच बनवता येत नाही, रूटलाही नाही. १ असेल तर फक्त 'कर्नल.आयओ_यूरिंग_ग्रुप'मध्ये ज्या ग्रुपचा क्रमांक लिहिला आहे त्यातल्या प्रोसेसना किंवा सिस-अ‍ॅडमिन क्षमता असलेल्यांना. ज्या मशीनवर एकाच सर्व्हरला रिंग लागते तिथे १ ठेवा आणि त्या सर्व्हरपुरता वेगळा ग्रुप करा. लक्षात ठेवा, सेटिंग बदलल्यावर आधीच बनलेल्या रिंगा चालूच राहतात. २ करून निश्चिंत व्हायचं असेल तर सेवा रीस्टार्ट कराव्या लागतील.

सेककॉम्पला काय दिसतं

सेककॉम्पला सिस्टम कॉलचा क्रमांक आणि रजिस्टरांतल्या किंमती दिसतात. आयओ_यूरिंगचे कॉल तीनच: सेटअप ४२५, एंटर ४२६, रजिस्टर ४२७. रिंगेत 'कनेक्ट' लिहिलं आहे की 'सेंड', हे फिल्टरला कधीच कळत नाही, कारण ते मेमरीत आहे. सेटअपचे फ्लॅगसुद्धा एका स्ट्रक्चरमध्ये पॉइंटरमार्फत जातात, म्हणून "सेटअप चालेल पण एसक्यूपोल नको" असा नियम सेककॉम्पमध्ये लिहिता येत नाही. रजिस्टरचं मात्र वेगळं आहे. त्याचा दुसरा आर्ग्युमेंट हा साधा आकडा असतो, तो तपासता येतो. याचा उपयोग पुढे करू.

आता यातला सर्वांत सहज लागणारा सापळा. सिस्टमडीच्या (लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) युनिट फाइलमध्ये 'रिस्ट्रिक्ट-अ‍ॅड्रेस-फॅमिलीज' ला फक्त एएफ_युनिक्स (मशीनच्या आतले सॉकेट) दिलं आणि 'सिस्टम-कॉल-फिल्टर' मध्ये तयार गट '@सिस्टम-सर्व्हिस' घातला, की बहुतेक लोक समजतात सेवा नेटवर्कवर जाऊच शकत नाही. पण पहिली सेटिंग फक्त 'सॉकेट' हा सिस्टम कॉल बघते, आणि दुसऱ्या गटाच्या पोटात '@एआयओ' हा गट असतो, ज्यात आयओ_यूरिंगचे तिन्ही कॉल आहेत. कर्नल ५.१९ पासून रिंगेतूनच सॉकेट उघडता येतो, ५.५ पासून रिंगेतून कनेक्ट करता येतं. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं. उपाय एका ओळीचा आहे: '@सिस्टम-सर्व्हिस' च्या खाली आणखी एक 'सिस्टम-कॉल-फिल्टर' ओळ लिहा, तिच्यात '~@एआयओ' घाला ('~' म्हणजे हे कॉल नाकारा). ज्या सेवेला रिंग हवी आहे तिच्यासाठी नेटवर्कचं बंधन सिस्टम कॉलवर सोपवू नका. 'प्रायव्हेट-नेटवर्क' किंवा 'आयपी-अ‍ॅड्रेस-डिनाय' वापरा.

ही दोन का चालतात? पहिलं नेटवर्क नेमस्पेसवर उभं आहे आणि दुसरं सीग्रुपवर (प्रोसेसांच्या गटावर) लावलेल्या बीपीएफवर, म्हणजे कर्नलच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर. पॅकेट खाली उतरताना तिथून जातंच, मग ते सिस्टम कॉलने आलेलं असो की रिंगेने. एसईलिनक्स आणि अ‍ॅपआर्मर या कर्नलच्या आत परवानग्या तपासणाऱ्या यंत्रणांचंही तसंच, कारण सॉकेट जोडण्याच्या आतल्या फंक्शनमध्ये त्यांचे हूक बसलेले आहेत आणि रिंगेची वाट त्याच फंक्शनमधून जाते. एनएफटेबल्सच्या फायरवॉललाही काही फरक पडत नाही. थोडक्यात, काम जिथे होतं तिथे बसलेला पहारा टिकतो, उंबरठ्यावरचा टिकत नाही.

अधिकार कधी सोडायचे

असिंक्रोनस कामात एक प्रश्न नेहमी येतो: काम मागितलं एकाने, केलं दुसऱ्या थ्रेडने, मग अधिकार कोणाचे मोजायचे? सीव्हीई-२०१९-१९२४१ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेतल्या भोकाचा नोंदणी क्रमांक) हे याचं ठसठशीत उदाहरण आहे. ५.४.२ च्या आधीच्या कर्नलमध्ये साध्या युजरने रिंगेतून 'सेंडमेसेज' सांगितलं आणि ते काम मागच्या वर्कर थ्रेडकडे गेलं, तर तो थ्रेड ते यूआयडी ० (म्हणजे रूट) आणि सगळ्या क्षमतांनिशी करायचा. नेटलिंक सॉकेटवर (ज्यातून कर्नलची नेटवर्क सेटिंग बदलतात) हे केलं की साधा युजर लूपबॅक इंटरफेसवर आयपी पत्ता जोडू शकत होता. पुढे ५.१२ मध्ये वर्करची रचनाच बदलली आणि ते मागणाऱ्या प्रोसेसचेच थ्रेड झाले, तेव्हा या जातीच्या चुकांना बराच आळा बसला.

पण एक बाब आजही तशीच आहे आणि ती चूक नसून रचना आहे. एसक्यूपोलचा थ्रेड रिंग बनवताना असलेले अधिकार धरून ठेवतो. रूट म्हणून रिंग बनवली, मग सेटयूआयडी करून साधा युजर झालात, तरी रिंगेत टाकलेली कामं रूटच्या अधिकाराने होत राहतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोड.जेएसला यासाठी सुरक्षा अपडेट काढावं लागलं होतं (सीव्हीई-२०२४-२२०१७). त्याच्या पोटातली लिबयूव्ही सेटयूआयडीच्या आधीच रिंग उघडत होती. तुम्ही स्वतः रिंग बनवत नसाल तरी तुमची लायब्ररी बनवते का, ते बघा. एसट्रेस (सिस्टम कॉल दाखवणारं साधन) लावून ४२५ क्रमांकाचा कॉल शोधला की दोन मिनिटांत कळतं.

म्हणून क्रम असा ठेवा. रूट असतानाच सॉकेट उघडा, ४४३ वर बाइंड करा, लिसन करा. मग ग्रुप, जीआयडी, यूआयडी या क्रमाने अधिकार सोडा आणि 'नो-न्यू-प्रिव्ह्ज' (पुढे नवे अधिकार मिळू न देणारं बंधन) लावा. त्यानंतरच रिंग बनवा. इथे हमखास अडखळायला होतं: वरची सिसकंट्रोल १ वर असेल आणि तुम्ही सेटग्रुप्सने सगळे ग्रुप पुसून टाकले असतील, तर सेटअप ईपर्म (परवानगी नाही) देतं. रिंगेचा ग्रुप तेवढा यादीत ठेवायचा.

एसक्यूपोलबद्दल स्पष्ट मत: इंटरनेटसमोरच्या सर्व्हरवर ते टाळा. ५.१३ पासून त्याला कसलाही विशेष अधिकार लागत नाही, हे मोहात पाडतं. पण अधिकार गोठून राहतात, थ्रेड एक कोअर खातो आणि 'सबमिट झालं' या शब्दाचा अर्थ बदलतो (ते पुढे येईलच). त्याऐवजी 'सिंगल-इश्यूअर' आणि 'डिफर-टास्करन' हे दोन फ्लॅग एकत्र लावा, ६.१ पासून मिळतात. रिंगेला एकच थ्रेड काम देऊ शकतो आणि निकालाची कामं तुम्ही एंटर कराल तेव्हाच होतात. वेगही चांगला मिळतो.

रिंगेलाच बंधन घालणं

कर्नल ५.१० पासून रिंगेवर स्वतःची मर्यादा घालता येते आणि सेककॉम्पची उणीव बऱ्याच अंशी भरून निघते. दुर्दैवाने फार कमी लोक ती वापरतात. पद्धत अशी:

१. रिंग 'आर_डिसेबल्ड' फ्लॅगसह बनवा. ती बनते, पण काम घेत नाही. एंटर केलं तर ईबॅडएफडी मिळतो.

२. रिंगेचा फाइल तक्ता (रिंग ज्यांवर काम करेल ते सॉकेट ठेवण्याची जागा) रिकामा नोंदवा, समजा ४०९६ जागांचा. ईएमफाइल आला तर प्रोसेसची उघड्या फाइलींची मर्यादा वाढवा. तक्त्याच्या जागा त्या मर्यादेपेक्षा जास्त चालत नाहीत, आणि ती बऱ्याचदा १०२४ असते. जागा ० मध्ये लिसनिंग सॉकेट बसवा. बफर रिंगही (जिच्यातून कर्नल रिसीव्हसाठी बफर उचलतो) आत्ताच नोंदवा.

३. बंधनं नोंदवा. कामं फक्त लागतील तीच: अ‍ॅक्सेप्ट, रिसीव्ह, सेंड, शटडाउन, असिंक-कॅन्सल. कनेक्ट, सॉकेट, ओपनअ‍ॅट, यूरिंग-कमांड यातलं काहीही नको. सक्तीचा फ्लॅग 'फिक्स्ड-फाइल' ठेवा, म्हणजे तक्त्यात नसलेल्या कोणत्याही फाइल डिस्क्रिप्टरवर रिंग काम करणार नाही. 'बफर-सिलेक्ट' वापरणार असाल तर तो परवानगीच्या फ्लॅगांत लिहायला विसरू नका. रजिस्टरच्या कामांत फक्त 'फाइल्स-अपडेट' ठेवा.

४. रिंग सुरू करा. यानंतर बंधनं सैल करता येत नाहीत. दुसऱ्यांदा नोंदवू गेलात तर नकार मिळतो.

५. शेवटी सेककॉम्प: सेटअप बंद, एंटर चालू, रजिस्टर फक्त ऑपकोड ६ साठी चालू, सॉकेट आणि कनेक्ट बंद.

पाचवी पायरी वगळली तर आधीच्या चारांना अर्थ राहत नाही. प्रोसेसमध्ये शिरलेला माणूस दुसरी, बंधन नसलेली रिंग बनवून मोकळा होतो.

रजिस्टर पूर्ण बंद का करत नाही? कनेक्शन मिटवण्यासाठी. अ‍ॅक्सेप्टला 'डायरेक्ट' सांगितलं की नवा सॉकेट थेट तक्त्यात बसतो, त्याला प्रोसेसचा नेहमीचा क्रमांक मिळतच नाही. तो मिटवायला रिंगेतलं 'क्लोज' वापरायला गेलात, तर त्या कामाला 'फिक्स्ड-फाइल' फ्लॅग चालत नाही आणि आपण तर तो सक्तीचा केला आहे. फ्लॅग लावला की ईबॅडएफ, नाही लावला की ईअ‍ॅक्सेस. रिंगेतलं 'फाइल्स-अपडेट'ही त्याच कारणाने ईइनव्हॅल देतं. शटडाउन करून मग रजिस्टर कॉलने त्या जागेत उणे एक लिहिणं, एवढाच रस्ता उरतो. प्रत्येक कनेक्शनमागे एक सिस्टम कॉल वाढतो. ६४ जागा एकदम साफ करून तो खर्च वाटून घ्या, सलग जागा एकाच कॉलमध्ये रिकाम्या होतात.

अशी बंदिस्त रिंग दुसऱ्या प्रोसेसला युनिक्स सॉकेटवरून पाठवता येईल, असं जुन्या उदाहरणांत दिसतं. ते आता चालत नाही. रिंगेत सॉकेट आणि सॉकेटमध्ये रिंग, या वर्तुळामुळे युनिक्स सॉकेटचा कचरा वेचणारा भाग गोंधळायचा आणि मोकळ्या झालेल्या मेमरीला हात लागायचा (सीव्हीई-२०२२-२६०२). कर्नल ६.७ मध्ये रिंग अशी पाठवणंच बंद करण्यात आलं.

बफर कधी आपला होतो

इथून पुढच्या चुका कर्नलच्या नाहीत, आपल्या कोडमधल्या आहेत, आणि ग्राहकाचा डेटा फुटतो तो बहुधा इथेच.

'सेंड-झेडसी', म्हणजे नक्कल न करता पाठवणं, ६.० पासून आहे. त्याचे सहसा दोन निकाल येतात. पहिल्यात किती बाइट गेले ते असतं आणि सोबत 'मोअर' फ्लॅग. दुसऱ्यात 'नोटिफ' फ्लॅग असतो. पहिला आला म्हणजे बाइट टीसीपीच्या रांगेत लागले, एवढंच. पान अजून तुमच्याच बफरचं आहे आणि कर्नल त्याच्याकडे बोट दाखवून उभा आहे. समोरून पोच आली नाही तर टीसीपी तेच पान पुन्हा वाचून पाठवतो. मधल्या काळात तुम्ही त्या बफरमध्ये दुसऱ्या ग्राहकाचं उत्तर लिहिलं असेल, तर ते पहिल्या ग्राहकाला जातं. चेकसमही बरोबर निघतो, कारण तो पाठवतानाच काढला जातो. चाचणीत हे कधी सापडत नाही, कारण लूपबॅकवर कर्नल मुकाट्याने नक्कलच करतो. पकडायचं असेल तर दोन मशीन घ्या, नेटइएमने एक-दोन टक्के पॅकेट पाडा आणि बफर मुद्दाम घाईने वापरा.

नियम सोपा आहे: 'नोटिफ' येईपर्यंत बफर पूलमध्ये परत टाकू नका. आणि छोट्या उत्तरांना हे वापरूच नका. दुसऱ्या निकालाचा खर्च नक्कल वाचवण्यापेक्षा जास्त पडतो. ज्यांना दोन-चार केबीची उत्तरं द्यायची आहेत त्यांनी साधा सेंडच ठेवावा.

पत्ता आणि मेसेज-हेडर यांचा नियम वेगळा. ५.५ पासून सबमिट झाल्यावर सॉकेट पत्ता, हेडर, आयओव्हेक्टर या गोष्टी सोडून दिल्या तरी चालतात, कर्नलने त्यांची प्रत घेतलेली असते. पण एसक्यूपोल असेल तर सबमिट फंक्शन परतलं म्हणजे कर्नलने नोंद वाचली असं नाही. रिंगेचं हेड पुढे सरकल्यावरच ती वाचलेली असते. स्टॅकवरचा पत्ता देऊन फंक्शनमधून बाहेर पडलात, तर कर्नल तिथे जे काही उरलं असेल ते पत्ता म्हणून वाचतो.

जुने निकाल, नवे कनेक्शन

सॉकेट क्लोज केला म्हणून रिंगेतली त्याची कामं रद्द होत नाहीत. प्रत्येक काम फाइलचा संदर्भ धरून असतं. आधी कॅन्सल करा, त्याचे सगळे निकाल येऊ द्या, मगच जागा रिकामी करा. ५.१९ पासून एका फाइलवरची सगळी कामं एकदम रद्द करता येतात. रद्द झालेल्या कामाचा निकाल ईकॅन्सल्ड येतो. कॅन्सलला ईऑलरेडी आला तर ते काम चालू आहे आणि त्याचा निकाल यायचाच आहे, वाट बघा.

यासाठी यूझर-डेटात (नोंदीतल्या, निकालात तशाच परत येणाऱ्या ६४ बिटांत) कनेक्शनचा पॉइंटर ठेवू नका, उदाहरणांत ठेवलेला असला तरी. उशिरा आलेला निकाल फ्री झालेल्या पॉइंटरवर जाऊन आदळतो, आणि तो कधी यावा हे समोरचा माणूस काही अंशी ठरवू शकतो. ६४ बिट असे वाटा: ३२ बिट पिढीचा क्रमांक, २४ बिट जागेचा, ८ बिट कामाचा प्रकार. जागा रिकामी केली की पिढी एकने वाढवा, निकालातली पिढी जुळली नाही तर कनेक्शनला हात लावू नका. निकालाने सोबत बफर आणला असेल तो मात्र पूलमध्ये परत टाका, नाहीतर पूल हळूहळू आटतो.

मल्टीशॉट रिसीव्ह, ६.० पासूनचा, सोयीचा आहे. एकदा सांगितलं की निकाल येत राहतात. प्रत्येक निकालात 'मोअर' तपासा, नसेल तर काम संपलंय आणि पुन्हा सांगावं लागेल. बफर संपले की ईनोबफ्स येतो. इथे घाईने नवे बफर देत सुटू नका, नाहीतर एकटा दांडगा क्लायंट सगळा पूल गिळतो. प्रत्येक कनेक्शनकडे किती बफर अडकलेत ते मोजा आणि ठरावीक आकड्यापुढे त्याचं रिसीव्ह थांबवा, टीसीपीची खिडकी आपोआप मिटते. निकालाची रिंग मुळात कामाच्या रिंगेच्या दुप्पट असते. मल्टीशॉटसाठी ती कमी पडते, चौपट-आठपट मागून घ्या.

सॉकेटच्या कामांवर 'असिंक' फ्लॅग लावू नका. तो लावला की काम थेट वर्करकडे जातं, आणि सॉकेटच्या वर्करना प्रोसेससंख्येच्या मर्यादेशिवाय दुसरा लगाम नाही. कर्नल ५.१५ पासून रजिस्टरने वर्करची कमाल संख्या ठरवता येते. रिंग सुरू करण्याआधीच ती आठ-सोळावर आणून ठेवा.

नजर कशी ठेवायची

सिस्टम कॉल मोजणारी साधनं इथे आंधळी होतात. एप्रिल २०२५ मध्ये आर्मो या कंपनीने 'क्युरिंग' नावाचं प्रात्यक्षिक रूटकिट (लपून राहणारं घातक सॉफ्टवेअर) दाखवलं, जे आपलं सगळं काम रिंगेतूनच करायचं आणि कॉलवर नजर ठेवणाऱ्या साधनांना दिसायचं नाही. तुमचं साधन एलएसएम हुकांवर (एसईलिनक्ससारखे कर्नलच्या आतले) बसतं की सिस्टम कॉलवर, हे विक्रेत्याला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

हाताने बघायचं तर तीन जागा. प्रोसेसच्या एफडी फोल्डरमध्ये 'अ‍ॅनॉन_आयनोड:[आयओ_यूरिंग]' अशी लिंक दिसते. थ्रेडांच्या यादीत 'आयओयू-वर्क' किंवा 'आयओयू-एसक्यूपी' ने सुरू होणारी नावं दिसतात. आणि 'आयओ_यूरिंग_क्रिएट' हा ट्रेसपॉइंट (घटना घडली की नोंद देणारी कर्नलमधली जागा) प्रत्येक नव्या रिंगेला वाजतो. यादीत नसलेल्या प्रोसेसने तो वाजवला तर अलार्म द्या. ५.१६ पासून ऑडिटमध्ये रिंगेतल्या कामांसाठी वेगळी नोंद आहे, पण सेंड आणि रिसीव्ह वेगासाठी तिच्यातून वगळलेले आहेत. कनेक्ट नोंदवता येतं, त्याच्यावर नियम लावा.

सगळं झाल्यावर एक चाचणी बिल्डमध्ये कायमची ठेवा: बंधन घातलेल्या रिंगेत कनेक्ट टाकायचं आणि निकालात उणे १३ (ईअ‍ॅक्सेस) आला पाहिजे, मग त्याच प्रोसेसमधून दुसरी रिंग बनवायचा प्रयत्न करायचा आणि तो सेककॉम्पने अडवला पाहिजे. कोणीतरी लायब्ररीची आवृत्ती बदलली आणि सुरू होण्याचा क्रम वर-खाली झाला, तर ते प्रॉडक्शनमध्ये जाण्याआधी इथेच अडकेल.